अभ्यासकासोबत नागपूर: बर्डी, महाल, रामटेकच्या फेऱ्यांचे पैसे कुठे वसूल होतात

नागपुरात थंडी पडली की रविवार सकाळच्या इतिहासफेऱ्यांना जोर येतो. काही फेऱ्यांत माहिती पाठ केलेला मुलगा माईक धरून पुढे चालतो. काहींत जुनी दप्तरं चाळलेला किंवा उत्खननावर काम केलेला अभ्यासक असतो आणि वाटभर त्याच्याशी बोलता येतं. हे परीक्षण या दुसऱ्या प्रकाराचं आहे. निकाल आधीच सांगतो: बर्डीची, म्हणजे सीताबर्डीच्या टेकडीची, फेरी सगळ्यात सरस. महालाची फेरी गट लहान असेल तरच करा. रामटेक-नगरधनला पुरातत्त्वातला माणूस सोबत नसेल तर फेरीचे पैसे वाचवा आणि नुसतं देवदर्शन करून या.

नाव नोंदवण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारावा: सीताबर्डीच्या किल्ल्यात गांधीजींना कैदेत ठेवलं होतं का? १० एप्रिल ते १५ मे १९२३ अशा नेमक्या तारखांसह ही माहिती सगळीकडे फिरते आणि पाठांतरवाले ती खणखणीत आवाजात ऐकवतात. पण गांधीजींना १९२२ च्या मार्चमध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, ते येरवड्याच्या तुरुंगात गेले आणि ५ फेब्रुवारी १९२४ ला सुटले. मग १९२३ च्या उन्हाळ्यात ते बर्डीवर कुठून येणार? त्या उन्हाळ्यात नागपुरात झेंडा सत्याग्रह पेटला होता, सत्याग्रहींची धरपकड चालू होती. घोळ तिथून झाला असेल, पण हा अंदाज, आणि सांगणाऱ्यानेही तो अंदाज म्हणूनच सांगायला हवा. फोनवर समोरून ‘तारखा जुळत नाहीत’ एवढं आलं तरी बिनधास्त नाव नोंदवा. ‘हो, ती कोठडी दाखवतो ना’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या.

बर्डीची फेरी बहुतेक वेळा झिरो माईलपासून निघते. इथे दहा मिनिटं पुरेत, काही जण अर्धा तास घालवतात. चार घोड्यांच्या पुतळ्यांजवळचा हा दगडी खांब ‘भारताचा मध्यबिंदू’ म्हणून दाखवला जातो. खरं तर हे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं १९०७ चं मानक तलचिन्ह. अशी चिन्हं समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवण्यासाठी बसवत, आणि इथला आकडा १०२०.१७१ फूट असा आहे. दिल्ली-मुंबईची अंतरं इथून मोजली का, हा प्रश्न जरूर टाका आणि पुढे चला.

खरी मजा टेकडीच्या पायथ्याशी. पहिली कसोटी साधी आहे. इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यातली २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची लढाई ‘किल्ल्यावर’ झाली असं जो म्हणतो, त्याने वाचलेलं नाही. तेव्हा तिथे किल्ला नव्हता, दोन उघड्या टेकड्या आणि त्यांना जोडणारी धार होती. किल्ला इंग्रजांनी लढाईनंतर बांधला. चांगला अभ्यासक तुम्हाला अशा जागी उभं करतो की पश्चिमेला रेसिडेन्सी, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचं ठाणं, कुठे होती आणि पूर्वेला शहर कुठे होतं ते हात करून दाखवता येतं. रेसिडेंट जेंकिन्सला या धारेवर का यावं लागलं, हे मग आपसूक कळतं. त्यानंतर लढाईचा क्रम: उत्तरेकडच्या धाकट्या टेकडीवर इंग्रजांच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, त्या गोंधळात भोसल्यांच्या पदरी असलेल्या अरब शिपायांनी टेकडी घेतली, आणि कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाने केलेल्या हल्ल्यानंतर पारडं फिरलं.

इथे प्रश्न विचारायला कचरू नका. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांनी हल्ल्याचा हुकूम दिला होता का? नंतर त्यांनी कानावर हात ठेवले, सैन्याने परस्पर केलं असं म्हटलं. इंग्रजांना ते मान्य नव्हतं. सैन्यसंख्येचे जे आकडे आपण ऐकतो, ते कोणत्या बाजूच्या अहवालातले? जिंकणाऱ्याला शत्रूचा आकडा फुगवायला कारण होतं, हे लक्षात ठेवून पुढचा प्रश्न विचारा: मराठी बाजूचे मोडी कागद काय म्हणतात? या एका मुद्द्यावर वीस-पंचवीस मिनिटं बोलणं रंगलं तर फेरीचे पैसे तिथेच फिटले.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतो. त्या दिवशी अभ्यासकाची फेरी घेऊ नका. गर्दीत पोरं तोफांवर चढतात, भोंगे वाजत असतात, शब्द ऐकू येत नाही. बोलणं साध्या रविवारी खालून, किल्ला वेगळ्या दिवशी. जाताना ओळखपत्र खिशात असू द्या.

महालाची अडचण वेगळीच. बघायला उरलंय थोडं आणि सांगायला ढीगभर. भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ मध्ये जळाला. गोंड राजांच्या तटबंदीची आठवण आता मुख्यतः गांधी दरवाजाच्या रूपात आहे, आणि त्याखालून दिवसभर ऑटो जातात. म्हणून फेरी सकाळी साडेसहाला निघायला हवी. आठ वाजले की दुकानांची शटरं, हॉर्न आणि दुधाच्या गाड्या मिळून अभ्यासकाचा आवाज खाऊन टाकतात. गट बारापेक्षा मोठा असेल तर मागच्यांना फक्त पाठ दिसते. खांद्यावरचा छोटा स्पीकर हा त्यावर उपाय नाही. त्याने बोलणं एकतर्फी होतं आणि मधेच कोणी काही विचारत नाही. त्यापेक्षा चालताना गप्प राहावं आणि देवळाच्या पारावर किंवा वाड्याच्या ओट्यावर थांबून बोलावं, असं आखणाऱ्याची फेरी निवडा. अडीच तासांत असे पाच-सहा थांबे पुरेत. दहा थांबे छापलेलं पत्रक दिसलं की समजा, पळापळ होणार.

महालात काळ्या मारबतीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवत नेऊन जाळतात त्या पुतळ्याचा, विषय निघतोच. ती म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसले घराण्यातली बाकाबाई, असं सांगतात. बाकाबाई १८५८ मध्ये वारल्या आणि काळी मारबत १८८१ पासून निघते असं मानलं जातं. मधल्या तेवीस वर्षांचं काय, असं विचारून बघा. ज्याला बाकाबाईंनी १८१८ नंतर कारभार कसा सांभाळला हे ठाऊक आहे, तो त्यांना नुसती घरभेदी म्हणून सोडून देत नाही.

रामटेकची फेरी दिवसभराची. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर जायचं. क्रम असा असावा: सकाळी मनसरचं उत्खनन, मग नगरधनचा किल्ला, ऊन उतरल्यावर रामटेकचा गड. उलटा क्रम ठेवणारे पुष्कळ. मग दुपारी एकला मनसरच्या उघड्या विटांवर उभं राहावं लागतं आणि सगळ्यांचं लक्ष गाडीच्या एसीकडे. नगरधनला आज दिसणारा किल्ला भोसलेकाळाशी जोडला जातो. वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी शोधायची ती आसपासच्या जमिनीखाली. २०१५ ते २०१८ च्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या नावाची, शंख कोरलेली मातीची मुद्रा मिळाली, ती इथलीच. हे ज्याला समजावता येत नाही, त्याच्यासोबत तुम्ही चुकीचा किल्ला बघून परत याल. मनसरला वाद अजून चालू आहे. वाकाटकांची नंतरची राजधानी प्रवरपूर म्हणजे मनसर की, इतिहास संशोधक मिराशींनी म्हटल्याप्रमाणे, वर्ध्याजवळचं पवनार? दोन्ही बाजूंचे पुरावे मांडून मग स्वतःचं मत सांगणारा माणूस मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा. (गडावर माकडं आहेत, हातात पिशवी धरू नका.)

मार्चनंतर या तिन्ही फेऱ्यांचा नाद सोडा. नागपूरच्या उन्हात आठनंतर इतिहास डोक्यात शिरत नाही. उन्हाळ्यात अजब बंगल्यातली, म्हणजे १८६३ च्या मध्यवर्ती संग्रहालयातली, दालनफेरी बरी. सोमवारी ते बंद असतं.

पैशांचं आधी स्पष्ट करून घ्या. खाजगी फेरीचं मानधन बहुधा एकरकमी असतं, म्हणून सहा-सात जण जमवले तर परवडतं. संग्रहालयाचं तिकीट, गाडी आणि चालकाचं जेवण त्यात धरलंय का, ते विचारा. फेरी संपल्यावर संदर्भांचा एक कागद मागा: कोणतं दप्तर, कोणता ताम्रपट, कोणता अहवाल. चांगले अभ्यासक तो न मागताही देतात. मोडी येत असेल तर त्यातला एखादा कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात अर्ज करून स्वतः बघता येतो का, तेही तिथल्या तिथे विचारून घ्या.