दुभाष्याची तक्रार: टायटल सहा की एडीए?

अमेरिकेतल्या प्रादेशिक वाहतूक संस्थेत टायटल सहा आणि एडीए या दोन भेदभावविरोधी तरतुदींची कामं बहुधा एकाच टेबलावर येतात, आणि घोळ तिथेच होतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सहा (म्हणजे सहावा भाग) वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ एवढ्यापुरतंच. तेही केंद्राचा निधी घेतला तर. १९९० च्या एडीएचं (अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट, अपंगांच्या हक्कांचा कायदा) टायटल दोन अपंगत्वासाठी, निधी असो वा नसो.

टायटल सहा कागद खातं: दर ३ वर्षांनी एफटीएकडे (केंद्राची सार्वजनिक वाहतूक यंत्रणा) दस्तऐवज, तक्रारींची यादी, भाषा-साहाय्य आराखडा. एडीएत ५० किंवा अधिक कर्मचारी असले की समन्वयक नेमावाच लागतो.

स्पॅनिश दुभाष्या नाकारला, तर टायटल सहा; सांकेतिक भाषेचा नाकारला, तर एडीए. ‘दुभाष्या’ एवढाच शब्द वाचून अर्ज लावला की चुकलंच. केंद्राकडे तक्रारीची मुदत दोन्हीकडे साधारण १८० दिवस, म्हणून आवक-शिक्का त्याच दिवशी मारा.