पाच सेकंदांचा खेळ जमला, ‘क’चा फसला

नागपूरच्या धरमपेठेतली ही तीन तासांची कार्यशाळा नववी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. विषय एकच: मन ठोकताळ्यांवर निर्णय कसं उरकतं.

सगळ्यात जमला तो गुणाकार. अर्ध्या मुलांच्या चिठ्ठीवर 1×2×3…×8, उरलेल्यांच्या 8×7×6…×1. पाच सेकंदांत फक्त अंदाज लिहायचा. खरं उत्तर दोन्हीकडे 40,320. मानसशास्त्रज्ञ टव्हर्स्की आणि काहनेमन यांनी 1974 मध्ये छापलेल्या याच प्रयोगात शाळकरी मुलांचे मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारं उत्तर) अनुक्रमे 512 आणि 2,250 आले होते. मन पहिले दोन-चार आकडे गुणतं आणि त्याच खुंट्याभोवती फिरतं.

वेळ मात्र काटेकोर हवी. पाचाचे पंधरा सेकंद झाले, की शिकवणीत घोटलेली पोरं ‘आठ फॅक्टोरियल’ (एक ते आठचा गुणाकार) म्हणून मोकळी. इथे चिठ्ठ्या उलट्या ठेवून टायमर लावला, ते छान. पण उत्तरं मोठ्यानं विचारली, त्यामुळे मागच्या बाकांवर खाडाखोड झाली. वर सरासरी काढली! कुणी एकानं दहा लाख लिहिलं की सरासरी गेली. उत्तरं चढत्या क्रमानं लावून मधलं घ्यायला हवं.

बर्डीच्या बाजारातल्या घासाघिशीचा सरावही कामाचा. दुकानदार झालेला मुलगा टी-शर्टचे 600 सांगतो. त्याआधीच गिऱ्हाईक आपली कमाल किंमत लिहून चिठ्ठी घडी करून ठेवतं. भाव ऐकल्यावर लिहिलं तर तोही आकडा 600च्याच खुंट्याभोवती फिरतो आणि सगळं मुसळ केरात.

‘क’नं सुरू होणारे शब्द जास्त की तिसरं अक्षर ‘क’ असलेले, हा खेळ इंग्रजीतून जसाच्या तसा उचललाय. पहिल्या अक्षरावरून शब्द चटकन आठवतात, म्हणून तेच जास्त वाटतात, हा त्यातला मुद्दा. देवनागरीत जोडाक्षर एक धरायचं की दोन, यावरच वाद पेटतो आणि मुद्दा बाजूला राहतो. तो वगळावा.

मोठी तक्रार वेगळीच. प्रत्येक ठोकताळा म्हणजे चूक, असाच सूर आहे. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांच्यासारखे अभ्यासक नेमकं याच्याशी भांडतात. आकाराच्या मानानं जड संत्रं रसाळ, हा आडाखा बाजारात बहुतेकदा चालतो. पोकळ सालीचं फळ डोळ्यांना मोठं दिसतं, हाताला मात्र हलकं लागतं. दोन-चार संत्री टेबलावर ठेवली असती, तरी हे दाखवता आलं असतं.

नाव नोंदवताना तुकडीत किती मुलं आहेत ते विचारा. वीसच्या खाली असतील तर गुणाकारातला फरक योगायोगानंही उलटा येऊ शकतो.