इंदूरची मोफत बचाव वकिली: रिमांडला चोख, खटल्यात चौकशी करून घ्या

विधी सेवेचा फुकट वकील म्हणजे पेशीला उभा राहणारा आणि पुढची तारीख घेऊन येणारा माणूस, असा समज अनेक घरांत आहे. जुन्या पॅनल पद्धतीत तो अगदीच खोटा नव्हता, कारण पॅनलवरचे वकील आपली खासगी कामं सांभाळून ही प्रकरणं बघत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेनंतर जिल्हा पातळीवर बचाव वकिलांचं वेगळं, पूर्णवेळ कार्यालय असतं. इंदूर जिल्हा न्यायालयात आरोपी झालेल्याच्या घरच्यांना ही सेवा घ्यायची की नाही हे ठरवायचं असेल, तर त्या कार्यालयाचे नियम आधी माहीत हवेत.

मुख्य बचाव वकिलाला फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा आणि सत्र न्यायालयातल्या ३० खटल्यांचा अनुभव लागतो. उपमुख्य वकिलासाठी हेच आकडे ७ वर्षं आणि २० खटले असे आहेत. सहायक तीन वर्षांपर्यंतच्या अनुभवाचे, म्हणजे नवेच. करार दोन वर्षांचा, कामाचं मूल्यमापन दर सहा महिन्यांनी, आणि खासगी वकिलीला पूर्ण बंदी. आमच्या मते या बंदीनेच सेवेचा दर्जा सर्वांत जास्त वाढला आहे.

अर्ज साधा आहे. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तुरुंगातून देता येतो. १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. गडबड होते ती उत्पन्नाच्या दाखल्यावरून. नातेवाईक लोकसेवा केंद्राच्या रांगेत दिवस घालवतात आणि तोवर रिमांडची पेशी होऊन जाते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अटच नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींनाही नाही. बाकीच्यांनाही कलम १३ नुसार उत्पन्नाचं शपथपत्र सहसा पुरतं.

रिमांड आणि जामीन हा या सेवेचा सर्वांत भक्कम भाग. वकील पूर्णवेळ असल्याने पहिल्या हजेरीलाच कोणी ना कोणी उभं असतं. तरी एक तारीख घरच्यांनी स्वतः भिंतीवर लिहून ठेवावी. चालान, म्हणजे पोलिसांचं आरोपपत्र, ६० दिवसांत (फाशी, जन्मठेप किंवा किमान १० वर्षांच्या गुन्ह्यात ९० दिवसांत) दाखल झालं नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १८७ खाली जामिनाचा हक्क मिळतो. दिवस मोजायचे ते पहिल्या रिमांडपासून, अटकेपासून नव्हे. मुदत उलटली, अर्ज दिला नाही आणि दुसऱ्या दिवशी चालान आलं, तर हक्क गेला. तेव्हा मुदत संपताच अर्ज लागेल ना, हे वकिलाला आठवडाभर आधी विचारा. विचारण्यात संकोच करू नका.

जामीन मंजूर झाला तरी सुटका अडते ती जमानतदारापाशी. मध्य प्रदेशात शेतजमिनीची ऋणपुस्तिका (जमिनीच्या हक्काची आणि कर्जाची नोंदवही) घेऊन उभा राहणारा जमानतदार चालतो, पण शहरातल्या भाड्याच्या घरातल्या कुटुंबाकडे ती कुठून येणार? सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिन्याभरात बंधपत्र भरलं गेलं नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. या निर्देशांचा हवाला देऊन अट बदलण्याचा अर्ज द्यायला वकिलाला सांगावं.

आता कच्ची बाजू. निवड समितीचे अध्यक्ष प्रधान जिल्हा न्यायाधीश, आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षही तेच. ज्या न्यायसंस्थेसमोर कडक बचाव करायचा, तिच्याच प्रमुखाच्या हाती कराराची दोरी आहे. उलटतपासणी लांबवणारा, स्थगितीला हरकत घेणारा वकील त्यांना आवडेलच असं नाही. न्यायाधीश पक्षपाती असतात असं म्हणायचं नाही; रचनाच सदोष आहे. वकील संघाच्या प्रतिनिधित्वाची पक्की जागा मूल्यमापनात असायला हवी होती.

दुसरी अडचण सहआरोपींची. दोघे एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर एकाच कार्यालयाने दोघांचा बचाव करणं धोक्याचं. अशा वेळी दोघांचे हितसंबंध परस्परविरोधी असल्याचं कारण लेखी देऊन पॅनलवरचा वेगळा वकील मागता येतो. मागितल्याशिवाय तो मिळेल या भरवशावर राहू नये.

फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यात तर खटला नेमका कोण चालवणार हे पहिल्याच दिवशी विचारा. अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणात विधी सेवेचा वकील किमान १० वर्षं वकिली केलेला असावा आणि तयारीला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत असं म्हटलं. म्हणजे सात वर्षांच्या अनुभवावर नेमलेला उपमुख्य वकील इथे आपोआप बसत नाही.

खासगी वकील घेतला तरी नियम आहेतच. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पुरेसं कारण आणि सूचना न देता त्याला काम सोडता येत नाही, आणि सोडलंच तर न केलेल्या कामाची फी परत करावी लागते. तक्रार वकील संघाकडे नव्हे, जबलपूरच्या राज्य अधिवक्ता परिषदेकडे (राज्याच्या बार कौन्सिलकडे) जाते. एखाद्या आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये असा ठराव कुठल्याही संघाने केला, तर तो रद्दबातल असतो. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१० मध्येच सांगितलं आहे.

शिक्षा झाल्यावर मात्र हे कार्यालय तुम्हाला उच्च न्यायालयात नेत नाही. इंदूर खंडपीठातल्या अपिलासाठी तिथल्या विधी सेवा समितीकडे वेगळा अर्ज करावा लागतो. निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. ती त्याच दिवशी मागून घ्या आणि अर्जासोबत जोडा.