जेजे, बडोदा की शांतिनिकेतन? घरचं जगणं कुठल्या वर्गात चालतं

बारावीनंतर चित्रकलेकडे जायचं ठरलं की घरात तीन नावं फिरू लागतात. मुंबईचं जेजे तर असतंच. कुणीतरी बडोद्याचं नाव काढतं, आणि एखादे वाचनवेडे काका बंगालमधल्या शांतिनिकेतनचं. मग चर्चा होते ती फी, होस्टेल आणि ‘पुढे काय’ यांची. ती व्हायलाच हवी. पण चार वर्षांनी मूल काय रंगवत बाहेर पडणार, हे ज्यावर बरंचसं ठरतं तो प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विद्यार्थी ज्या घरातून, गल्लीतून, गावातून येतो, ते तिथल्या शिकवण्यात शिरतं का, आणि कोणत्या दाराने? हा आढावा तेवढ्यापुरताच आहे.

एक उदाहरण धरून चालू. समजा, परभणीकडच्या एका मुलीच्या घरी पिठाची गिरणी आहे. शाळेतून आल्यावर ती तिथेच बसते. पिठाने पांढरी झालेली जळमटं, पट्ट्याचा आवाज, ओळीत लावलेले डबे, त्यांवर ऑइलपेंटने लिहिलेली नावं, ज्वारीच्या मागोमाग गहू टाकला म्हणून होणारी भांडणं, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं आहे. चित्रकार म्हणून तिच्याकडे असलेलं हे पहिलं भांडवल.

कॉलेजच्या आधीच या भांडवलाला कात्री लागते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्मरणचित्र असतं. कल्पना उत्तम आहे: बाजार, एसटी स्टँड, पाणवठा असा रोजचा प्रसंग द्यायचा आणि मुलाने तो आठवून काढायचा. प्रत्यक्षात क्लासमध्ये चार-पाच आकृत्या घोटून घेतलेल्या असतात. टोपलीवाली बाई, छत्रीवाला म्हातारा, पाठमोरा मुलगा. विषय कोणताही येवो, हीच मंडळी हजर. परभणीच्या बाजारात नारळाचं झाड उगवतं आणि त्याला मार्कही मिळतात. राज्याच्या बीएफए सीईटीत, म्हणजे कलेच्या पदवीच्या प्रवेश परीक्षेतही, स्मरणचित्राचं प्रात्यक्षिक होत आलं आहे. त्यामुळे प्रवेश मिळेपर्यंत मुलांनी आपलं पाहिलेलं बाजूला ठेवायची सवय पक्की करून घेतलेली असते. तिन्ही संस्थांची तुलना मी इथून करतो: बाजूला ठेवलेलं हे सामान परत कोण मागतं, आणि कशासाठी?

जेजे: डोळा आणि हात

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं, जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभं राहिलेलं. ब्रिटिश पठडीतलं शिक्षण म्हणजे आधी हात बसवणं: प्लास्टरचे पुतळे, वस्तुचित्र, समोर बसलेलं मॉडेल. त्या पठडीचा ठसा अजून पुसलेला नाही, आणि तो पूर्ण पुसावा असं मलाही वाटत नाही.

रस्त्यावरचं जगणं मात्र जेजेला कधी परकं नव्हतं. इथे १८६५ ते १८७५ शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांनी १८७० मध्ये सरकारी कामगिरीवर उत्तरेत फिरून कामात बुडालेल्या कारागिरांची रेखाटनं केली. जवळच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शेतकऱ्यांची शिल्पंही त्यांचीच. नंतर महादेव विश्वनाथ धुरंधर, आधी इथले विद्यार्थी आणि मग शिक्षक, मुंबईच्या गल्लीबोळांवरच्या एडवर्ड्स यांच्या १९१२ च्या पुस्तकासाठी चित्रं काढत होते. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत कोण काय नेसत होतं हे पाहायचं तर आजही धुरंधरांकडे जावं लागतं. स्केचबुक काखेत मारून सीएसएमटीच्या गर्दीत किंवा मार्केटच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचं, हा इथला रिवाज तेव्हापासूनचा.

आपल्या मुलीला जेजे काय देईल? पिठाच्या धुक्यातून येणारा उन्हाचा झोत कसा पकडायचा, पत्र्याच्या डब्यावरचा हायलाइट नेमका कुठे संपतो, पोतं उचलताना माणसाची पाठ कशी वाकते. कॉम्पोझिशन म्हणून तिची गिरणी झकास होईल. पण ती कुणाचीही गिरणी असू शकेल. जगणं इथे प्रामुख्याने पाहण्याचा विषय म्हणून येतं, आणि पाहणारा रस्त्याच्या पलीकडे बसलेला असतो. ‘हे तुझंच का?’ हा प्रश्न अभ्यासक्रम विचारत नाही. एखादे सर किंवा मॅडम विचारतात, आणि ते भेटणं नशिबाचा भाग.

नाही म्हणायला चित्रकार प्रभाकर बरवे जेजेचेच. घड्याळ, पान, किल्ली अशा साध्या वस्तूंना त्यांनी कॅनव्हासवर दिलेली जागा मराठी माणसाला नवी नाही. पण त्या वस्तूंपर्यंत ते पोचले ते विणकर सेवा केंद्रातली नोकरी आणि वर्षानुवर्षं लिहिलेल्या रोजनिशा या वाटेने. वर्गात त्याची पायाभरणी झाली असेल, बांधकाम बाहेर झालं.

एक व्यावहारिक मुद्दा इथे जेजेच्या पारड्यात जातो. लहान गावातून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी सरांशी मराठीत भांडता येतं. हे सुख कमी लेखू नका. बडोद्याकडे आल्यावर त्याची किंमत कळेल.

शांतिनिकेतन: दिनक्रमच अभ्यासक्रम

शांतिनिकेतनचा कला विभाग म्हणजे कलाभवन, १९१९ चं. चित्रकार नंदलाल बोस यांनी १९५१ पर्यंत तिथे जी घडी बसवली तिच्यात वर्ग आणि जगणं यांच्यामध्ये भिंत ठेवली नव्हती. झाडाचा अभ्यास झाडाखाली, वर्षामंगल आणि वसंतोत्सवाची सजावट विद्यार्थ्यांच्या हातची, नांगरणीचा उत्सव हलकर्षण शेजारच्या श्रीनिकेतनात, आणि त्याच विषयावर नंदलालांचं भित्तिचित्रही तिथेच. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी केलेली पोस्टर्स याच वृत्तीतली: ढाक वाजवणारा, धान कांडणाऱ्या बाया, असे रोजचे लोक राष्ट्रीय सभेच्या मांडवात लावले. डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, नंदलालांच्या जयंतीच्या तोंडावर, नंदन मेळा भरतो. तिथे विद्यार्थी-शिक्षक आपल्या हातच्या वस्तू विकतात आणि पैसा विद्यार्थी मदतनिधीला जातो.

आपल्याकडे याची ओळख कमी आहे, पण नातं जुनं. कोल्हापूरचे विनायक मासोजी तिथे शिकले आणि तिथेच शिकवू लागले.

मला खटकणारी गोष्ट अशी की इथलं ‘रोजचं’ बरंचसं आखून दिलेलं आहे. ऋतू, उत्सव, तांबडी माती, संथाळ आदिवासींची वस्ती. विद्यार्थ्याने स्वतःच्या घरातून काय आणलं यापेक्षा तो इथल्या दिनक्रमात कसा मिसळतो, याला महत्त्व येतं. शिवाय संथाळांचं जगणं पिढ्यान् पिढ्या इतरांनी रंगवलं. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी यात फरक पाडला. बांकुड्याच्या गरीब घरातून आलेल्या या माणसाने १९३८ साली सिमेंट आणि लाल खड्यांतून स्थलांतर करणारं संथाळ कुटुंब उघड्यावर उभं केलं, १९५६ मध्ये भोंगा ऐकून गिरणीकडे धावणाऱ्या बाया घडवल्या. त्या बायांच्या अंगात वारा आहे, कीव कुठेच नाही. पण रामकिंकर हा नियम नव्हे.

परभणीच्या मुलीची गिरणी इथे विषय म्हणून कुणी मागणार नाही कदाचित. साहित्य म्हणून मागेल. अल्पनेसाठी, म्हणजे बंगाली रांगोळीसाठी, तांदळाची पिठी लागते, भित्तिचित्रासाठी मातीचे रंग, कापडासाठी खळ. माती, कापड, भिंत यांच्याशी खेळणारा हात असेल त्याला टेक्स्टाइल आणि सिरॅमिकपर्यंत सगळं एका आवारात मिळतं. माझं मत थोडं उलटं वाटेल, पण शांतिनिकेतनचा फायदा खेड्यातल्या मुलापेक्षा मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये, शाळा-क्लास-शाळा अशा फेऱ्यांत वाढलेल्या मुलाला जास्त होतो. त्याच्याकडे आणण्यासारखं थोडं असतं, आणि इथे आल्यावर बरंच काही मिळतं. बांगला मात्र शिकावी लागेल, आणि घर फार लांब राहील.

बडोदा: ‘कुणाची रांग आहे ही?’

बडोद्याशी आपला ऋणानुबंध गायकवाडांपासूनचा. दादासाहेब फाळके जेजेनंतर बडोद्याच्या कलाभवनात (हे शांतिनिकेतनचं नव्हे) गेले होते. आजची ललित कला शाखा त्याहून वेगळी. सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं, ही शाखा १९५० ची. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे चित्रकला विभागाचे प्रमुख, आणि १९५१ पासून शिक्षक म्हणून शांतिनिकेतनचे विद्यार्थी के. जी. सुब्रमण्यन. सुब्रमण्यन यांनी मधली दोन वर्षं हातमाग मंडळात काढली. कारागिराचं काम आणि चित्रकाराचं काम यांच्यात ते उच्चनीच मानत नसत. इथल्या फाइन आर्ट्स फेअरमागे हीच वृत्ती. विद्यार्थी-शिक्षक खेळणी, दागिने, बाहुल्या बनवतात आणि शहराला विकतात. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना आपल्या वस्तूची खरी किंमत कळते, तेवढी काम तपासणाऱ्या ज्युरीसमोर कळत नाही.

पण बडोद्याचं वेगळेपण माझ्या मते भूपेन खख्खरमध्ये आहे. मुंबईचा हा चार्टर्ड अकाउंटंट, चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्या सांगण्यावरून १९६२ साली बडोद्याला आला आणि कलासमीक्षेच्या वर्गात बसला. पुढेही हिशेबाची नोकरी त्याने बराच काळ धरून ठेवली. आणि रंगवलं काय, तर न्हावी, कारकून, ‘जनता वॉच रिपेअरिंग’चं दुकान. ही १९७२ च्या सुमाराची चित्रं. दुकानाच्या पाट्या, कॅलेंडरातले देव, स्वतःच्या वर्गाची थोडी हास्यास्पद, थोडी एकाकी मध्यमवयीन माणसं. चित्रकार इथे रस्त्यापलीकडून उठून दुकानात येऊन बसला.

हे जमलं याचं कारण इथे प्रात्यक्षिकाच्या जोडीने कला-इतिहास मनापासून शिकवला गेला. आपल्या मुलीने गिरणी आणली तर तिच्यासमोर धंदेवाल्यांची कंपनी शैलीतली (ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली) चित्रं, लघुचित्रांतला बाजार आणि भूपेनची दुकानं ठेवली जातील. मग प्रश्न सुरू होतील. रांगेत कोण उभं आहे? बोर्डावर वडिलांचं नाव आणि दिवसभर बसते आई, हे चित्रात कुठे आहे? कुणाचा डबा वेगळा ठेवला जातो का? प्रकाश आणि धुकं बाजूला राहून गिरणी एकदम गावाचा नकाशा होते. हे प्रश्न अठराव्या वर्षी झेपतीलच असं नाही. बावीस-तेविसाव्या वर्षी, एमव्हीए या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, झेपतात.

चंद्रपूरकडच्या सास्ती या कोळसा खाणींच्या गावातून आलेले प्रभाकर पाचपुते एमव्हीएसाठीच बडोद्याला गेले. पुढे खाणीतली माणसं त्यांनी कोळशानेच भिंतींवर रेखाटली. त्यांची आधीची पदवी छत्तीसगडमधल्या खैरागढची आहे, हे विदर्भातल्या पालकांनी लक्षात ठेवावं. गोंदियाकडून ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडतं.

बडोद्याचे दोन धोके. पहिला भाषेचा. डांडिया बाजारात मराठी ऐकू येईल, वर्गातली चर्चा मात्र बरीचशी इंग्रजीत. चांगलं काम केलेलं मूल भिंतीशी गप्प उभं आणि बोलका वर्गमित्र साध्या चित्रावर अर्धा तास टाळ्या घेतोय, अशा प्रसंगाची तयारी ठेवावी लागते. दुसरा धोका जास्त गंभीर. खरं जगणं आणलं की त्यात जात, धर्म, शरीर येणारच. २००७ मध्ये इथल्या वार्षिक मूल्यमापनाच्या मांडणीतल्या कामांवरून वाद पेटला, एका विद्यार्थ्याला अटक झाली आणि त्याची बाजू घेणारे प्रभारी अधिष्ठाता निलंबित झाले. विद्यापीठ पाठीशी उभं राहील असं गृहीत धरता येत नाही. हे इतर दोन ठिकाणीही गृहीत धरू नये. बडोद्यात ते सगळ्यांना दिसलं एवढंच.

मग कुठे?

आधी संस्थेचं माहात्म्य थोडं उतरवून ठेवू. मुंबईच्या उपनगरांतला कामगार, लोकल, इराणी हॉटेल ज्यांनी सर्वांत जवळून रंगवलं ते सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. कुठल्याच आर्ट स्कूलचे विद्यार्थी नव्हते. १९८१ मध्ये माणसांना चित्रात परत आणणाऱ्या ज्या प्रदर्शनाचा आजही उल्लेख होतो, त्यात बडोद्याचे शेख आणि भूपेन, जेजेच्या नलिनी मलानी, पुढे शांतिनिकेतनात शिकवायला गेलेले जोगेन चौधरी आणि हे पटवर्धन एकत्र होते.

तरी निवड करायचीच आहे. हात अजून कच्चा असेल तर पदवीला जेजे, किंवा जवळचं चांगलं कला महाविद्यालय, आणि पदव्युत्तरला बडोदा. परभणीच्या मुलीला मी हेच सांगेन. पहिल्या वर्षापासून इंग्रजी वाचनाची सवय लावून घेतली तर बडोद्याचा पहिला धोका निम्मा होतो. भिंत, माती, कापड यांची ओढ असेल किंवा मूल शहरी चौकटीत गुदमरलेलं असेल तर शांतिनिकेतन. वस्तू घडवण्याकडे कल असेल तर ही तिन्ही नावं सोडून अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेचा विचार करा. ज्या अहवालावर ती संस्था उभी राहिली, त्या १९५८ च्या अहवालात चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारतीय घरांतल्या लोट्याला देशात पाहिलेल्या वस्तूंत सर्वांत वरचं स्थान दिलं होतं. तिथे रोजची वस्तू हाच अभ्यासाचा पाया आहे, पण स्पर्धा आणि खर्च दोन्ही वेगळ्या मापाचे.

तिन्ही संस्था सार्वजनिक असल्याने खासगी डिझाइन कॉलेजांइतकी फी पडत नाही. खरा खर्च राहणं, खाणं आणि रंग-कॅनव्हासचा. जेजेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्याने तिथले प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षी नव्याने तपासून घ्या.

अर्ज भरण्याआधी निदान एका ठिकाणचं वार्षिक प्रदर्शन पाहून या. तिसऱ्या वर्षाच्या भिंतीपाशी थांबा. वीस मुलांच्या चित्रांत वीस घरं दिसतात, की एकाच सरांची शैली वीस वेळा? मग लहान गावातून आलेल्या एखाद्या सीनिअरला विचारा, ‘तुझ्या घरचं काय रंगवलंस?’ तो आठवून, अडखळत सांगू लागला तर ठीक. ‘सबमिशनला तसलं चालत नाही’ म्हणाला, तर त्या विभागाचं नाव यादीत खाली सरकवा.