इंटर्नशिपचे ५२ आठवडे : ब्रँच निवडायला कितपत कामाचे?

धुळे, जळगाव, नंदुरबार ही तीन शासकीय कॉलेजं आणि त्यांच्या जोडीची खासगी कॉलेजं मिळून खानदेशातून दरवर्षी एमबीबीएसचे शेकडो इंटर्न बाहेर पडतात. 'ब्रँच कुठली?', म्हणजे पुढे पदव्युत्तर शिक्षणाला कुठला विषय, हा प्रश्न घरापासून मेसपर्यंत सगळे विचारतात. उत्तर बहुतेक वेळा नीट-पीजी या प्रवेश परीक्षेतली रँक देते, नाहीतर सीनियर देतो. खरं तर ब्रँच आतून बघायची एक सोय आधीच हातात असते, तीही वर स्टायपेंड घेऊन: सक्तीची फिरती इंटर्नशिप. ती या कामाला किती उतरते, तेवढंच इथे तपासलं आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमावलीतली वाटणी अशी. कम्युनिटी मेडिसिन (सार्वजनिक आरोग्य) १२ आठवडे, स्त्रीरोग-प्रसूती ७, मेडिसिन आणि सर्जरी प्रत्येकी ६, बालरोग ३. भूल, मानसोपचार, ऑर्थो, कान-नाक-घसा, डोळे आणि कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) यांना प्रत्येकी २. त्वचारोग आणि फॉरेन्सिकला (न्यायवैद्यक) एकेक. उरलेले ४ आठवडे ऐच्छिक, त्यातला एक आयुषचा.

या यादीत रेडिओलॉजी शोधून बघा. सक्तीच्या पाळ्यांत ती नाही. पॅथॉलॉजीही नाही. म्हणजे काउन्सेलिंगमध्ये (प्रवेशाच्या जागावाटपात) ज्या जागा पहिल्या झटक्यात संपतात, त्यांतली रेडिओलॉजी विद्यार्थ्याने नीट पाहिलेलीच नसते, आणि त्वचारोग पाच-सहा ओपीडीत उरकलेला असतो. त्या ओपीडीतही दिसतं काय? गजकर्ण, खरूज, पुन्हा गजकर्ण. मेडिकलवरून आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम महिनोन्महिने चोळून पसरलेलं. लेझर आणि सौंदर्योपचार डोळ्यांपुढे ठेवून ही ब्रँच घेणाऱ्याने निदान ही रांग तरी नीट बघून घ्यावी. प्रॅक्टिसचा मोठा हिस्सा तोच असतो.

रेडिओलॉजीची उणीव ऐच्छिक आठवड्यांतून भरून काढता येते, कॉलेजच्या यादीत ती असेल तर. नसेल तर विभागात सांगून ड्यूटीनंतर बसायचं. बसायचं म्हणजे एक एमआरआय पाहून यायचं नव्हे. सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत सलग चार तास, मग रात्रीच्या डोक्याच्या सीटी, मग रिपोर्ट टाइप होताना. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद असलेला फॉर्म एफ कसा भरतात तेही पाहावं. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यात अर्धवट भरलेला फॉर्म ही किरकोळ कारकुनी चूक मानली जात नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती सवलत द्यायला नकार दिला. 'आरामाची ब्रँच' म्हणणाऱ्यांना हा कागद माहीत नसतो.

जिथे ही व्यवस्था खरोखर चांगली उतरते ती जागा म्हणजे कॅज्युअल्टी आणि मेडिसिनचा वॉर्ड. खानदेशात तर जास्तच. कापूस आणि केळीचा पट्टा, त्यामुळे फवारणीच्या औषधाची विषबाधा, पावसाळ्यात सर्पदंश, मेमध्ये भुसावळकडचा उष्माघात. एमडी मेडिसिनची तीन वर्षं कशी जातील ते इथे दोन रात्रींत कळतं. ऑर्गॅनोफॉस्फरसच्या (फवारणीच्या औषधातलं विष) रुग्णाला ॲट्रोपिन हा उतारा सुरुवातीला १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ च्या तीन ते पाच ॲम्प्यूल, आणि दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट, छाती साफ वाजेपर्यंत. नवा माणूस बाहुली मोठी झाली किंवा नाडी वाढली की हात आखडता घेतो. फुप्फुसातला स्राव मात्र तसाच राहतो. सर्पदंशात रक्त गोठतं का ते बघायला २ मिलि रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर रक्त उगाच 'गोठत नाही' असं दिसतं आणि गरज नसताना दहा व्हायल एएसव्ही (सर्पविषावरचा उतारा) चढतं. हे असं तासन्‌तास उशाशी बसून करणं आवडतं की वैताग येतो? मेडिसिन घ्यायचं की नाही, ते या उत्तरावर ठरवावं.

स्त्रीरोगाचे सात आठवडेही भरपूर आहेत, फक्त ते दिवसाच्या ओपीडीत घालवू नयेत. लेबर रूमची रात्र मागून घ्यावी. नंदुरबारला असाल तर धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या गरोदर बाया दिसतील. रक्त कुठून आणायचं हा प्रश्न तिथे पुस्तकाबाहेरचा असतो. स्वतःचं प्रसूतिगृह काढायचं तर हाकेला येणारा भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्तपेढी, तिन्ही लागतात. तालुक्याच्या गावात यातलं किती मिळतं ते आधी मोजावं.

भुलीचे दोन आठवडे बहुतेक जण ट्रॉली ढकलण्यात घालवतात. मोठं नुकसान. या ब्रँचला बिल्डिंग लागत नाही. अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा अशा गावांत छोट्या हॉस्पिटलांच्या कॉलवर प्रॅक्टिस उभी राहते. पण वेळ आपली नसते, ती सर्जनची असते, आणि पेशंट आपल्या नावाने येत नाही. हे पटतं का, ते बघायला थिएटरमध्ये नुसतं उभं राहून भागत नाही. आदल्या दिवशीची प्री-ॲनेस्थेटिक तपासणी, बॅग-मास्क (हाताने श्वास देण्याचं साधन) धरणं आणि नंतर रिकव्हरीत थांबणं, तिन्ही करावं.

ऑर्थोचे दोन आठवडे फारच तोकडे. राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि मुंबई-आग्रा रस्त्यामुळे फ्रॅक्चरची कमी नाही, पण इंटर्नच्या वाट्याला प्लास्टर रूम येते. हाताला ८ ते १० पदरी, पायाला १२ ते १६ पदरी स्लॅब घालता आला म्हणजे ऑर्थो कळलं असं नाही. सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) शिशाचा एप्रन घालून तीन तास उभं राहून बघा. मानसोपचारात अडचण वेगळीच. 'पोट दुखस' म्हणणाऱ्या बाईच्या दुखण्यामागे काय आहे ते अहिराणी, भिली किंवा पावरी समजल्याशिवाय हाती लागत नाही. ज्याला ती बोलीभाषा येते त्याने ही ब्रँच वरवर पाहून सोडू नये. बालरोगात तीनपैकी एक आठवडा नवजात शिशू कक्षात मागावा. डोळे, कान-नाक-घसा यांना दोन आठवडे पुरतात.

आता सगळ्यात मोठा तुकडा, कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे. कागदावर प्राथमिक आरोग्य केंद्र, प्रत्यक्षात एमसीक्यूचं (बहुपर्यायी प्रश्नांचं) ॲप. नीट-पीजीत २०० प्रश्न, ८०० गुण, चुकीला उणे एक. परीक्षा डोक्यावर असताना कोणाला दोष देणार? तरी ब्रँचच्या दृष्टीने इथे एक गोष्ट फुकट मिळते: तालुक्यातून कोणते पेशंट कशासाठी जिल्ह्याला पाठवले जातात. रेफरलचं रजिस्टर महिनाभर चाळा. कुठल्या डॉक्टरची जागा रिकामी आहे ते त्यात लिहिलेलंच असतं.

इंटर्नशिप इथवर आणते. पुढे चॉइस फॉर्ममध्ये (जागांची पसंतीक्रमाने यादी) बरेच जण मिळवलेलं घालवतात: गेल्या वर्षीचा कटऑफ पाहून 'मिळणारच नाही' म्हणून आवडीची जागा यादीत खाली ढकलतात. वाटप रँकने आणि तुमच्या क्रमाने वरून खाली होतं, त्यामुळे न मिळणारी जागा वर ठेवल्याने खालची जात नाही. उलट नको असलेली ब्रँच वर टाकली आणि ती लागली, तर खालच्या आवडीच्या जागेचा त्या फेरीत विचारच होत नाही. आणि पुढच्या फेरीत अपग्रेड (वरच्या पसंतीची जागा) मागून नवी जागा लागली की जुनी आपोआप रद्द होते. मुदत संपली की यादी जशी असेल तशी आपोआप लॉक होते, म्हणून शेवटच्या रात्री सर्व्हरच्या भरवशावर राहू नये.