डोक्यावर चाल लिहिलेली गाणी : एडी रीडरचा बर्न्स

माझे वडील संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. त्यांच्याकडच्या नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'चाल' छापलेली असे. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याची गाणीही अशीच छापली जात, हे कळल्यापासून स्कॉटिश गायिका एडी रीडर यांचा बर्न्सच्या गाण्यांचा अल्बम (२००३) मी वेगळ्या कानांनी ऐकते.

बर्न्स (१७५९–१७९६) स्कॉटलंडमधल्या एअरशरच्या शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः नांगर धरलेला. आई जुनी गाणी म्हणायची. त्याचं पहिलं गाणं सुगीत बरोबर काम करणाऱ्या मुलीसाठी होतं, आणि तेही तिच्या आवडत्या नाचाच्या चालीवर. चाल अंगात भिनल्याशिवाय आपल्याला शब्द बसवता येत नाहीत, असं त्याने गीतसंग्रहाचा संपादक जॉर्ज थॉमसनला कळवलं होतं. बाहेर फिरत चाल गुणगुणायची, मग कडवी जुळवायची. जेम्स जॉन्सनच्या स्कॉटिश गाण्यांच्या सहा खंडांच्या संग्रहासाठी त्याने गावोगावच्या चाली गोळा केल्या, त्यांवर गाणी लिहिली, आणि पैसा घेतला नाही. त्या चालींना साथ लिहून देणारा स्टीफन क्लार्क एडिंबरोचा ऑर्गनवादक होता. हे वाचून मला फार बरं वाटलं.

रीडरबाईंना चालीची ही किंमत कळते. 'विली स्ट्युअर्ट'मध्ये शब्द नाचाच्या ठेक्यावर अक्षरशः उड्या मारतात. 'जॉन अँडरसन माय जो' मात्र पुन्हा पुन्हा ऐकावं असं. मूळ लोकगीत चावट होतं; बर्न्सने चाल तीच ठेवली आणि ते म्हाताऱ्या बायकोच्या तोंडी दिलं. आपण डोंगर बरोबर चढलो, आता हातात हात घालून उतरू. बाई आवाज जराही ताणत नाहीत, आणि डोळे भरून येतात.

साथीला रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्रा आहे. मला तो थोडा कमी चालला असता. फिडल आणि अकॉर्डियन पुढे येतात तिथे गाणं जास्त जवळचं वाटतं. स्कॉट्स बोली कानाला अवघड जाते, म्हणून पहिल्यांदा ऐकताना शब्द समोर ठेवा.

शेवटी 'ऑल्ड लँग साइन'. जगभर ३१ डिसेंबरच्या रात्री जी चाल म्हणतात ती या शब्दांना थॉमसनने १७९९ मध्ये लावली, बर्न्स गेल्यावर. रीडर गातात ती त्याआधीची, जॉन्सनच्या संग्रहातली. बर्न्सने स्वतः या जुन्या चालीला सामान्य म्हटलं होतं. मला ते मुळीच पटत नाही. नव्या चालीत सगळे हात धरून उभे राहतात. जुन्या चालीत दोनच मित्र आहेत, आणि मध्ये बरीच वर्षं गेली आहेत.

अल्बमची २००९ ची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, तिच्यात जास्तीची गाणी आहेत. ही जुनी चाल मी वडिलांच्या ऑर्गनवर बसवते आहे, काळी चारमध्ये.