स्वस्त फोन आणि लिनक्स: केबल, केडीई कनेक्ट की सिंकथिंग?

लिनक्स बसवून झालं, वॉलपेपर दोनदा बदलून झाला, आणि आता फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचेत. कुणाला विचारावं तर तीन उत्तरं मिळतात: केबल लाव, केडीई कनेक्ट (फोन आणि कॉम्प्युटर वायफायवरून जोडणारं) टाक, सिंकथिंग (दोन्हीकडचा फोल्डर आपोआप सारखा ठेवणारं) चालू कर. तिन्ही मार्ग फुकट, त्यामुळे माणूस तिन्ही टाकून बसतो आणि आठवड्याभरात एकही धड चालत नाही. बोल लागतो लिनक्सला. पण घोडं बऱ्याचदा अडतं ते फोनपाशी: रॅम कमी, स्टोरेज मंद, आणि बॅटरी वाचवायची म्हणून मागे चालणारी अ‍ॅप्स पटापट बंद करणारी सिस्टीम. म्हणून ही तुलना फोनच्या बाजूनं केलेली बरी.

केबलला फोनच्या या सवयींशी काही देणंघेणं नाही. अ‍ॅप नको, राउटर नको. फोन जोडायचा, अनलॉक करायचा, वरची पट्टी खाली ओढून ‘चार्जिंग’ऐवजी ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. लिनक्सचा मिंट हा अवतार असो की उबुंटू, फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत फोनचं नाव दिसायला लागतं. नाहीच दिसलं तर टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड द्या. तिच्या यादीतही फोन नसेल तर आधी केबलवर संशय घ्या. मी एकदा पाऊण तास ड्रायव्हर शोधत बसलो होतो. केबल निघाली कुठल्याशा इअरफोनबरोबर आलेली, आत फक्त चार्जिंगच्या तारा. डेटाच्या तारा नव्हत्याच.

केबलचा त्रास वेगळाच आहे. पूर्वी अँड्रॉइड फोन पेनड्राइव्हसारखा जोडला जायचा, पण तेवढा वेळ फोनला स्वतःच्या स्टोरेजवरचा हात काढून घ्यावा लागे. म्हणून एमटीपी ही फाइली देण्याघेण्याची वेगळी पद्धत आली. त्यात स्टोरेज फोनच्याच ताब्यात राहतं आणि कॉम्प्युटर एकेक फाइल मागून घेतो. यामुळे हजारो फोटोंचा कॅमेरा फोल्डर उघडायला चहा होईस्तोवर वेळ लागतो, आणि फोनमधला व्हिडिओ जागच्या जागी एडिट करता येत नाही, आधी कॉपी करावा लागतो. दोन कॉप्या एकदम लावू नका, गाडी तिथेच रुतते.

तरीही मोठ्या कामाला केबलच. स्वस्त फोनला टाइप-सीचं तोंड असलं तरी आत बहुधा यूएसबी २.०च असतं, कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबी मिळाले तर २० जीबी व्हिडिओ ११-१२ मिनिटांत उतरतात. तोच फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर एका अँटेनानं बहुधा सेकंदाला ७२ मेगाबिटांवर (९ एमबी) जोडला जातो, आणि निम्मा वेग हाती लागला तर त्याच २० जीबीला सव्वा तास. लहान लहान फाइलींचा ढीग असेल तर केबलही रखडते, एवढं ध्यानात ठेवा.

केबलचा आणखी एक उपयोग फार कमी जणांना माहीत असतो. नव्या लिनक्सला तुमच्या लॅपटॉपची वायफाय चिप ओळखता आली नाही, तर फोन केबलनं जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. बहुतेक वेळा काहीही न बसवता नेट सुरू होतं, आणि चिपचा ड्रायव्हर त्याच नेटवरून उतरवता येतो.

केडीई कनेक्ट फाइली पाठवतंच, पण त्याची खरी मजा रोजच्या बारीकसारीक कामांत आहे. फोनचं नोटिफिकेशन डेस्कटॉपवर दिसतं, कॉम्प्युटरवर कॉपी केलेला मजकूर फोनमध्ये पेस्ट होतो, अंथरुणात पडल्या पडल्या फोनवरून सिनेमा थांबवता येतो. २०१३ पासूनचा हा प्रकल्प आहे, आणि ग्नोम हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी जीएसकनेक्ट नावाचं एक्सटेन्शन तेच काम करतं. फोनवरून कॉम्प्युटरकडे मात्र क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेला मजकूर, आपोआप जात नाही. अँड्रॉइड १० पासून मागे चालणाऱ्या अ‍ॅपला क्लिपबोर्ड वाचायची मनाई आहे, म्हणून केडीई कनेक्टच्या नोटिफिकेशनवरचं बटण दाबून तो पाठवावा लागतो.

स्वस्त फोनची खोड इथे नडते. सकाळी पेअर केलेला फोन दुपारी ‘डिस्कनेक्टेड’ दिसतो, कारण सिस्टीमनं अ‍ॅप मारून टाकलेलं असतं. सेटिंग्जमध्ये जाऊन या अ‍ॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. काही फोनांत ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी वेगळी असते, तीही द्या. एवढं करूनही फोन आणि कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नसतील तर दोन्ही एकाच वायफायवर आहेत का ते पाहा. राउटरचं ‘गेस्ट’ नेटवर्क बहुधा दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही. उबुंटू आणि मिंटमध्ये फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी सोय) मुळात बंद असते. तुम्ही हौसेनं चालू केली असेल तर १७१४ ते १७६४ हे पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी मोकळे करा.

सिंकथिंग तिघांत सगळ्यात देखणं आणि नवख्याला सगळ्यात महागात पडू शकणारं. एकदा फोल्डर जोडला की काढलेला फोटो कॉम्प्युटरवर आपोआप जातो, मधे कुणाचा क्लाउड नाही. पण तेवढ्याच तत्परतेनं पुसलेला फोटोही पुसला जातो. फोनमध्ये जागा हवी म्हणून तुम्ही गेल्या वर्षीचे फोटो काढून टाकता, आणि कॉम्प्युटरवरचेही जातात. फोनची बाजू ‘सेंड ओन्ली’ (फक्त पाठवणारी) केली तरी हे थांबत नाही. कॉम्प्युटरच्या बाजूला ‘फाइल व्हर्जनिंग’ चालू ठेवलं तर पुसलेल्या प्रती वेगळ्या फोल्डरात शिल्लक राहतात. शिवाय पहिल्या वेळी प्रत्येक फाइल वाचून तिचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) काढला जातो, आणि मंद स्टोरेजचा फोन तेवढ्यात तापतो. ‘फक्त चार्जिंगवर असताना’ हा पर्याय निवडून रात्री लावा. मूळ अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबवलं गेलं, तेव्हा आता शोधायची ती त्याचीच दुसऱ्यांनी चालवलेली आवृत्ती, सिंकथिंग-फोर्क.

मला विचाराल तर पहिले काही दिवस नुसती केबल वापरा. नोटिफिकेशन बघायला वारंवार फोन उचलावा लागतोय असं वाटलं की केडीई कनेक्ट टाका. सिंकथिंगला हात तेव्हाच लावा, जेव्हा एकच फोल्डर दर आठवड्याला हातानं कॉपी करून कंटाळा येईल. फोनची रॅम दोन-तीन जीबीच असेल तर शेवटचे दोन एकत्र चालवायचा हट्ट नको.

आणि केबलनं फोटो उतरवल्यावर फोनमधले लगेच पुसू नका. कॉपी अर्ध्यात तुटली असेल तर कॉम्प्युटरवर नाव दिसतं, पण फाइलचा आकार शून्य किंवा अपुरा असू शकतो. फोल्डर आकारानुसार लावून सगळ्यात लहान फाइली बघा, त्यातल्या चार-पाच उघडा, मग फोनवरच्या डिलीटकडे वळा.